पहिलं वाचन : लोपीस

रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, कुठे उभं राहायचं, याचं एक शास्त्र आहे. बाकांवर बसलेल्यांवर फादरांची नजर असते, खांबाला टेकलेल्यांवर सिस्टरांची. बाहेर आंब्याखाली उभे राहून गप्पा मारणारे मिस्सेला आले असं धरायचं की नाही, यावर आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, परिषदेत अजून एकमत झालेलं नाही. मी वर्षानुवर्षं दाराच्या आत, पवित्र पाण्याच्या भांड्याशेजारी उभा राहतो. तिथून वेदी दिसते, प्रवचन ऐकू येतं आणि शेवटच्या सूचना सुरू झाल्या की दोन पावलांत बाहेर पडता येतं. सोमवार ते शनिवार चर्चगेट गाठणाऱ्या माणसाने रविवारी चर्चच्या गेटपाशी असावं, यात गैर काय?

तर जागा उत्तम होती. घात केला आडनावाने.

आमच्याकडे वसईत दर रविवारची उपासना आळीपाळीने एकेका लघु समूहाकडे असते. लघु समूह म्हणजे शेजारपाजारची काही घरं. पाळी आली की बायबलमधली वाचनं, प्रार्थना, अर्पणाची मिरवणूक, गाणी, फुलं, झाडलोट, सगळं त्यांनी बघायचं. त्यासाठी कुणाच्या तरी ओटीवर बैठक होते. आधी जपमाळ भराभर, मग चहा आणि सुकेळी सावकाश. अर्पण वेदीपर्यंत न्यायला माणसं हवीत म्हटलं की निम्मी आळी उभी राहते, कारण देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, मधल्या वाटेने नवी साडी नेसून चालायचा तेवढाच मोका असतो. गायला उत्साही खूप. दुसरं वाचन लहान असतं, तेही खपतं. पहिल्या वाचनाचं नाव निघालं की मात्र एकाएकी सगळ्यांना घरी गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं.

यंदा आमच्या पाळीला पेन्टेकॉस्टचा सण आला. बैठकीला मी नव्हतो, लोकलमध्ये होतो. रात्री मोबाइलवर यादी आली. त्यात लिहिलं होतं, ‘पहिलं वाचन : लोपीस’. एवढंच. आता आमच्या आळीत आंब्याला दगड मारला तर कैरीऐवजी लोपीस पडतो. दूधवाले लोपीस आहेत, बागवाले आहेत, कुवेतवाले आहेत, बँकेतले आहेत. प्रत्येक लोपीसने त्या यादीखाली हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि हे काम दुसऱ्या लोपीसचं आहे या खात्रीने झोपी गेला. मीही गेलो.

पुढच्या रविवारी समूहप्रमुख मावशी देवळात शिरल्या, पवित्र पाण्यात बोटं बुडवली आणि क्रूसाची खूण करता करता मला म्हणाल्या, “बाबू, वाचायचं तुलाच आहे हं.” त्यांचा हात अजून कपाळाशी होता. अशा वेळी नाही म्हणणं जमतं कुणाला?

रविवारची बाकीची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने फिरत असतात, त्यामुळे ऐकणाऱ्यांना ती फारशी पाठ नसतात. पेन्टेकॉस्टचं पहिलं वाचन मात्र दर वर्षी तेच : बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, दुसरा अध्याय. पवित्र आत्मा उतरतो, प्रेषित म्हणजे येशूचे शिष्य निरनिराळ्या भाषा बोलू लागतात आणि यरुशलेममध्ये जमलेले देशोदेशीचे लोक थक्क होतात. इथवर छान आहे. पण लेखकाला ते सगळे देश मोजून दाखवायची हौस आली. पार्थी, मेदी, एलामी, मेसोपटेम्या, यहूदीया, कप्पदुकिया, पंत, आशिया, फ्रुगिया, पंफुल्या, मिसर, कुरेनेजवळचा लिबुवा. कप्पदुकियाच्या शेजारी हे पंत कोण येऊन बसलेत, असं पहिल्यांदा वाचताना वाटलं. पेशवाईतला कुणी वाट चुकला असावा. दर वर्षीचं असल्याने आमच्या धर्मग्रामात कोणता वाचक कुठे अडखळला याचा इतिहासही लोकांना तोंडपाठ आहे. अमक्याच्या काकाने मेसोपटेम्यात दम टाकला होता, तमक्याच्या सुनेने लिबुवाऐवजी लिंबू म्हटलं होतं.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, “आमच्या लहानपणी बरं होतं. सगळं लॅटिन. कुणाला काही कळायचं नाही, त्यामुळे कोण चुकलं तेही कळायचं नाही.” १९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आली, म्हणजे आमच्याकडे मराठीत आली. आईला ते आवडलं, पण ‘दोमिनुस वोबिस्कुम’ म्हटलं तर आजही तिच्या तोंडून ‘एत कुम स्पिरितु तुओ’ आपोआप येतं. तिने त्या आठवड्यात माझ्यासाठी एक जपमाळ जादा धरली. बायकोने फक्त कोणता शर्ट घालणार ते विचारलं.

उच्चारांसाठी मास्तरांकडे जाणं भाग होतं. मास्तर शाळेतून निवृत्त झाले, शिकवण्यातून नाहीत. त्यांच्याशी कशाहीबद्दल बोला, गाडी १५३४ पासून सुटते. त्या वर्षी गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. मग किल्ला, चर्चेस आणि मठ अशी स्थानकं घेत घेत १७३९ येतं, चिमाजी आप्पा वसई जिंकतात आणि मगच मास्तर चहा मागवतात. मी दोनदा फ्रुगिया म्हटल्यावर त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला.

“संत गोन्सालो गार्सिया कुठला?”

“वसईचा.”

“तो जपानला जाऊन जपानी शिकला. मिशनऱ्यांचा दुभाषी झाला. १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर गेला. वसईचा माणूस जपानी बोलतो आणि तुझ्या तोंडातून एक फ्रुगिया निघत नाही?”

यावर काय बोलणार? १८६२ मध्ये ज्याला संतपद मिळालं, त्याच्याशी माझी तुलना होत होती आणि मला तर अजून पंफुल्यापर्यंतही पोचायचं होतं.

सराव करायचा तर वेळ फक्त विरार लोकलमध्ये. नायगाव, भाईंदर, मीरा रोड जसं न बघता म्हणता येतं, तसे हे देश बसवायचे असं ठरवलं. डोळे मिटून पुटपुटत राहिलो. फ्रुगिया, पंफुल्या, मिसर. चौथ्या सीटवर टेकलेल्या काकांनी दोन-तीन दिवस ऐकून घेतलं आणि मग काळजीने विचारलं, “ही नवीन स्टेशनं कधी झाली? स्लोला थांबतं का फास्टला?” मी सांगितलं, स्लोलाच थांबायचं आहे, फास्ट नेली की घोटाळा होतो. त्यानंतर आमच्या डब्यातले सगळे माझ्या वाचनात रस घेऊ लागले. एका गुजराती शेठनी तर दहिसर यायच्या आत कप्पदुकिया माझ्यापेक्षा स्वच्छ म्हणून दाखवलं.

सणाचा दिवस उजाडला. पेन्टेकॉस्टला फादरांचा झगा लाल असतो, म्हणून आता लोकही लाल कपडे घालून येतात. आईने ठेवणीतलं तांबडं लुगडं काढलं होतं. सबंध देऊळ लालभडक आणि उकाडा असा की मेणबत्त्या न पेटवताच वितळतील. मी वाचनपीठाकडे गेलो. पहिली वाक्यं नीट गेली. आकाशातून सुसाट्याच्या वाऱ्यासारखा नाद झाला, इथवर आलो आणि वीज गेली.

पंखे घरघरत थांबले. प्रेषितांच्या घरात वारा शिरत होता त्या क्षणी आमच्या देवळातला होता नव्हता तेवढा वारा संपला. माईक मेला. मागून कुणीतरी ओरडलं, “मोठ्याने!” मी मोठ्याने वाचू लागलो. “अजून!” मी अजून आवाज चढवला. जनरेटर सुरू करणारा मुलगा, अर्थातच, बाहेर आंब्याखाली होता. मी पार्थी, मेदी, एलामी असं गर्जत निघालो. पंतांना मागे टाकलं, फ्रुगिया मास्तरांकडे बघत म्हटला, छातीत हवा भरली आणि नेमका तेव्हाच जनरेटर लागला. माईक किंचाळून जिवंत झाला आणि “पंफुल्या!” ही आरोळी सगळ्या भोंग्यांतून अशी गेली की बाहेर केळी विकणाऱ्या बाईने टोपली घट्ट धरली. तीन-चार तान्ही मुलं रडू लागली. वेदीजवळच्या मुलांच्या हातातल्या मेणबत्त्या हसण्याने थरथरायला लागल्या. फादरांनी मोठं पुस्तक तोंडासमोर धरलं. मिसर आणि लिबुवा कुणी ऐकले असतील असं वाटत नाही. शेवटी मी ‘प्रभूचा शब्द’ म्हटलं तेव्हा लोक ‘देवाला धन्यवाद’ म्हणाले, इतक्या मनापासून की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

पुढे प्रार्थना वेगवेगळ्या भाषांत होत्या, हीही मावशींचीच कल्पना. स्टेशनजवळच्या इमारतींमध्ये आता केरळचे, मंगळूरचे, गोव्याचे कॅथलिक खूप आहेत, त्यांनाही सामावून घ्यायला हवंच. पण मल्याळम प्रार्थना कुठे संपते हे कळायला मार्ग नव्हता. वाचणाऱ्या बाई श्वास घ्यायला थांबल्या की आम्ही “प्रभो, आमची प्रार्थना ऐक” म्हणायचो. त्या बिचाऱ्या पुन्हा सुरू करायच्या. त्या एका प्रार्थनेला देवाकडे निदान चार वेळा शिफारस गेली असेल. कोकणी प्रार्थनेला आम्ही सावध होतो, इतके की ती संपल्यावर कुणीच काही बोललं नाही.

मिस्सेनंतर बाहेर पडलो तर सुटका नाहीच. दूधवाले, बागवाले, कुवेतवाले असे सगळे लोपीस पाठ थोपटून गेले. त्यांचा चेहरा एवढा उजळ मी नाताळातही पाहिलेला नाही. आई म्हणाली, “छान झालं रे. गोंगाटात काहीच कळलं नाही. अगदी लॅटिनसारखं वाटलं.” मास्तर म्हणाले, “फ्रुगिया ठीक. कुरेने घाईत उरकलंस.” ते अजूनही बोलले असते, पण मी १५३४ यायच्या आत तिथून सटकलो.

फादर येताना दिसले तसा मी खांबामागे सरकलो. त्यांनी गाठलंच. “१७ डिसेंबरच्या शुभवर्तमानात येशूची वंशावळ असते,” ते म्हणाले. मी घाबरलो. मग आठवलं, शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला उतारा, फादरांनाच वाचावा लागतो. माझा जीव भांड्यात पडेपर्यंत ते पुढे म्हणाले, “मला ती नावं दर वर्षी अडतात. लोकलमध्ये जागा असेल तर सांगा, मीही येतो सरावाला.”

रात्री मोबाइलवर समूहाची पुढची यादी आली. मावशींनी या वेळी चूक सुधारली होती. कोण लोपीस याचा घोळ पुन्हा होऊ नये म्हणून त्यांनी प्रत्येकापुढे नीट खूण लिहिली होती. फुलं : लोपीस (बागवाले). चहा : लोपीस (दूधवाले). पहिलं वाचन : पंफुल्या.