'रन' म्हणजे फक्त धावणे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

'रन' या इंग्रजी शब्दावरच्या माझ्या लेखावर तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते. एका शब्दाचे शेकडो अर्थ सांगून मी मुलांना घाबरवते. 'रन म्हणजे धावणे' एवढं त्यांचं पक्कं होऊ द्यावं, बाकीचं वाचनातून आपोआप येतं, हा तुमचा पहिला आक्षेप. एकाच शब्दावर इतकी कामं ढकलावी लागणं हे इंग्रजीचं दारिद्र्य आहे, मराठीत प्रत्येक क्रियेला स्वतंत्र शब्द आहे, आणि हे अभिमानानं सांगायचं सोडून मी परक्या भाषेचं कौतुक करत बसले, हा दुसरा. शेवटी तुम्ही विचारलंय की एवढं सगळं लिहिलं, पण मुलांच्या हातात कोश कोणता द्यायचा ते का नाही सांगितलं?

पहिला आक्षेप मला सर्वात जास्त लागला, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आपल्या गोव्यात सरकारी प्राथमिक शाळेतलं मूल चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकतं. पाचवीला हायस्कुलात गेलं की बहुतेक ठिकाणी विज्ञान, गणित, भूगोल एकदम इंग्रजीतून समोर येतात. 'रन' हा शब्द त्या मुलाला फक्त इंग्रजीच्या तासाला भेटत नाही. भूगोलात नदी 'रन' होते, गणितात नळ तीन तास 'रन' होतो, विज्ञानात यंत्र विजेवर 'रन' होतं. मुलाकडे अर्थ मात्र एकच, धावणे. वाचनातून बाकीचं आपोआप येतं हे ज्या घरात इंग्रजी पुस्तकं आहेत तिथे खरं आहे. सत्तरी तालुक्यातल्या ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज इंग्रजी छापलेला कागद नाही, तिथे ते येणार कुठून? त्या मुलाला गणित येत असतं आणि तरी गणित सुटत नाही, कारण प्रश्नातला नळ का धावतोय हेच त्याला कळलेलं नसतं. मग आपण म्हणतो, पाचवीत मुलं ढेपाळतात.

वर्गातलं एक उदाहरण सांगते. 'हू रन्स द शॉप निअर युअर हाऊस?' असं मी विचारलं होतं. एका मुलीनं उभं राहून उत्तर दिलं, 'माय फादर. ही डझ नॉट रन. ही सिट्स इन द शॉप.' व्याकरण बिनचूक, आणि तिला माहीत असलेल्या अर्थाला धरून उत्तरही बरोबर. मी तिला मराठीत विचारलं, तुझे बाबा काय करतात? ती म्हणाली, दुकान चालवतात. मग तुमचं दुकान चालत कुठे जातं? वर्ग जरा गप्प झाला, आणि मागून एक मुलगा म्हणाला, 'टीचर, आमच्यात दुकान चालतं, इंग्लिशमध्ये धावतं.'

सर, मला जे सांगायचं आहे ते या मुलानं सांगितलं. एका शब्दाला अनेक अर्थ असतात ही गोष्ट मुलांना नवी नाही. मराठी बोलताना ती दिवसभर हेच करत असतात. त्यांना एवढंच दाखवायचं असतं की इंग्रजीनं रेघ वेगळ्या ठिकाणी ओढली आहे.

लेखात मी ६४५ हा आकडा दिला होता, आणि तुमचा राग मुख्यतः त्यावर दिसतो. तो आकडा पाठ करण्यासाठी नव्हताच. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत 'सेट' या शब्दाची नोंद सर्वात लांब होती. पुढे नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या संपादकांनी 'रन'वर सुमारे नऊ महिने काम केलं आणि नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे काढले. ही मोजणी कोशकाराची असते. नदी वाहते तो एक अर्थ, डोळ्यातून पाणी वाहतं तो दुसरा, कपड्याचा रंग पाण्यात पसरतो तो तिसरा, असं तो बारीक विंचरत जातो. बोलणाऱ्याच्या डोक्यात इतके कप्पे नसतात. सॅम्युअल जॉन्सननं १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत कोशकाराला दमवणाऱ्या साध्या क्रियापदांची यादी दिली, तिच्यातही 'गेट', 'सेट', 'टेक' यांच्याबरोबर 'रन' आहेच. म्हणजे ही अडचण इंग्रजांनाही जुनीच, फक्त ती कोश लिहिणाऱ्याची आहे. पाचवीतल्या मुलाला धागा हवा.

तो धागा शब्दाच्या मुळात सापडतो. जुन्या इंग्रजीत 'रिन्नान' असं क्रियापद होतं, आणि त्याचा अर्थ धावणे आणि वाहणे असा दोन्ही होता. जर्मनमध्ये आजही 'रिन्नेन' म्हणजे वाहणे आणि 'रेन्नेन' म्हणजे धावणे, दोन्ही एकाच घराण्यातली. चीज करताना दूध विरजवायला जे 'रेनेट' घालतात तेही याच कुळातलं, कारण दूध गोळा होणं म्हणजे ते एकत्र 'धावून' येणं. तेव्हा 'नदी रन होते' हा पायांनी धावण्यावरून ओढूनताणून आणलेला अर्थ नाही. पाणी त्या शब्दात पहिल्यापासून होतं. हे कळलं की नळ, नाक, रंग, वितळणारं मेण हे सगळं एका झटक्यात जागेवर बसतं, पाठ करावं लागत नाही.

आणि ही इंग्रजीचीच खोड असती तर तुमच्या दारिद्र्याच्या मुद्द्याला काही बळ आलं असतं. पण लॅटिनचं 'कुर्रेरे' घ्या, धावणे. त्यातून पोर्तुगीजमध्ये 'कोर्रेर' आला. तुमच्या घरात जुन्या पोर्तुगीज शाळेत शिकलेलं कोणी असेल तर विचारा, पोर्तुगीजमध्ये माणूसही 'कोर्रेर' करतो आणि नदीही. वाहतं पाणी म्हणजे 'आगुआ कोर्रेंत'. बँकेतलं चालू खातं म्हणजे 'कोंत कोर्रेंत'. इंग्रजीतला 'करंट अकाउंट' त्याच मुळाचा, विजेचा करंट त्याच मुळाचा आणि नदीतला करंटही. एकाच खात्याला पोर्तुगीज धावतं म्हणतो आणि मराठी माणूस चालू म्हणतो. दोघांच्याही मनात गती आहे, वेग तेवढा निराळा.

संस्कृतकडे या. 'द्रु' हा धातू, अर्थ धावणे. त्यातून 'द्रुत' आला, वेगवान. आपल्या गोव्यात गाणं इतकं रुजलेलं आहे की द्रुत लय म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. त्याच धातूतून 'द्रव' आला, वाहणारा पदार्थ, आणि मराठीत पुढे मनही 'द्रवू' लागलं. 'सृ' धातूचंही तसंच. धावणे, सरकणे, वाहणे हे सगळं त्यात, म्हणून नदी ती सरिता. ज्या भाषेला आपण अचूकपणाचा नमुना मानतो तिनं हेच केलं, इंग्रजी आपल्यापर्यंत पोचायच्या कितीतरी आधी.

आता मराठीत प्रत्येक क्रियेला स्वतंत्र शब्द आहे, या तुमच्या विधानाकडे येते. तुम्ही 'धाव' हाच शब्द उदाहरणादाखल दिलात: धाव म्हणजे धाव, दुसरं काही नाही. सर, बैलगाडीच्या चाकाला बसवलेल्या लोखंडी पट्टीला धाव म्हणतात. मोटेच्या विहिरीवर बैल ज्या उतारावरून खाली जातात तीही धाव. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते, तिथे धाव म्हणजे पोच, आवाका. संकटात सापडलेला माणूस देवाचा धावा करतो. कीर्तनात द्रौपदीचा धावा आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे, आणि त्यात धावायचं आहे ते कृष्णानं. विमानाला धावपट्टी लागते. रेडिओवर सामन्याचं धावतं वर्णन असतं. पाहुणे धावती भेट देतात. क्रिकेटमध्ये चेंडू सीमापार गेला तर फलंदाजाला धावायची गरजच उरत नाही, तरी खात्यावर चार धावा जमा होतात. 'धावून' पुढे दुसरं क्रियापद आलं की आणखी गंमत आहे. शेजारी मदतीला धावून येतो आणि भांडणात तोच अंगावर धावून जातो. 'रन इंटू' आणि 'रन ओव्हर' मुलांना अवघड जातं तेव्हा मी त्यांना हेच दाखवते. पुढचा छोटा शब्द बदलला की अख्खा अर्थ फिरतो, हे त्यांना मराठीतून ठाऊकच असतं.

यात मराठीचं काय कमी झालं? मला तर उलट वाटतं. गाडीच्या चाकापासून द्रौपदीपर्यंत पोचणारा शब्द ज्या भाषेत आहे तिचा मला अभिमान आहे, आणि तो मुलांना मी देते. फक्त इंग्रजीला कमी लेखून तो देत नाही. पाचवीतल्या मुलाला इंग्रजी ही विचित्र, नियम नसलेली भाषा आहे असं सांगितलं की ते तिची धास्ती घेतं, आणि ती धास्ती पुढे कॉलेजपर्यंत सुटत नाही.

'चालणे' तर याहून मोठं प्रकरण आहे. दुकान चालतं, घड्याळ चालतं, खटला चालतो, नाटक चालतं, जुनी नोट चालत नाही, डोकं चालत नाही, आणि कोणी काही विचारलं की आपण म्हणतो 'चालेल'. इंग्रजीत यातली बरीच कामं 'रन' करतो. दुकान, यंत्र आणि जत्रेतल्या नाटकाचे सलग प्रयोग तिकडे धावतात. नोट आणि 'चालेल' तिकडे जात नाहीत, तिथे इंग्रजी दुसरे शब्द काढतं. उलट कोकण रेल्वे पेडण्यापासून काणकोणपर्यंत 'रन' होते आणि राष्ट्रीय महामार्ग ६६ देखील पत्रादेवीपासून पोळेपर्यंत 'रन' होतो. मराठीत गाडी धावते, पण रस्ता आपला 'जातो'. निवडणुकीला अमेरिकेत 'रन' म्हणतात, इंग्लंडमध्ये 'स्टँड', आणि आपला उमेदवारही उभाच राहतो.

म्हणून वर्गात मी 'रन'ची यादी लिहीत नाही. फळ्यावर चार मराठी क्रियापदं लिहिते: धावणे, वाहणे, चालणे, जाणे. मग वाक्यं देते आणि कोणतं वाक्य कुठे बसतं ते मुलांनी सांगायचं. म्हादई कर्नाटकातल्या घाटात उगम पावून मांडवी म्हणून पणजीला समुद्राला मिळते, ती 'रन्स'. बेतीची फेरीबोट 'रन्स'. मामा हॉटेल 'रन्स'. शेताच्या कडेनं कुंपण 'रन्स'. कुंपणापाशी मुलं अडतात, कारण मराठीत कुंपण नुसतं 'असतं'. तिथे थांबून नजर कुंपणावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कशी जाते हे दाखवावं लागतं. तो क्षण मला शिकवण्यातला सर्वात आवडता आहे, कारण तिथे मूल दुसऱ्या भाषेच्या डोळ्यांनी आपलंच शेत बघतं. पाठीमागचा धागा एकच, न थांबता पुढे पुढे जात राहणं.

सगळंच या धाग्यात ओवता येतं असा माझा दावा नाही. 'रन अ फीवर', 'इन द लाँग रन' हे मी सरळ पाठ करून घेते, त्या वयात त्याची फोड करत बसण्यात अर्थ नाही. आणि काही शब्दांत धागा नसतोच. वटवाघळाचं 'बॅट' आणि क्रिकेटची 'बॅट' हे मुळातच दोन वेगळे शब्द आहेत, योगायोगानं सारखे झालेले. तिथे नातं शोधायला लावणं म्हणजे मुलांची दिशाभूल.

एका बाबतीत आपलं एकमत आहे, आणि ते तुमच्या प्रतिक्रियेत रागाखाली दडून गेलं आहे. अर्थांचे रकाने पाठ करायला लावू नयेत, असं तुम्ही म्हणता. मीही तेच म्हणते. तुमचा उपाय एक अर्थ देऊन थांबण्याचा आहे. माझ्या मते तो एक अर्थ पुढच्या प्रत्येक वाक्यात आडवा येतो.

कोशाविषयी. पाचवीच्या मुलाच्या हातात मी शब्दापुढे मराठी प्रतिशब्दांची ओळ देणारा छोटा खिशातला कोश देणार नाही. 'रन'पुढे धावणे, पळणे, वाहणे, चालवणे असे स्वल्पविराम देऊन छापलेले असतात आणि कोणता कुठे ते मुलाला कळायला मार्ग नसतो. ते पहिला उचलतं. त्याऐवजी दोनशेपानी वही द्यावी. एका पानावर एक क्रियापद, आणि त्याखाली भूगोल, गणित, विज्ञान कुठल्याही पुस्तकात ते भेटलं की ते पूर्ण वाक्य उतरवायचं, शेजारी आपण घरी ते कसं म्हणतो ते लिहायचं, मराठीत किंवा कोकणीत. आठवी-नववीत गेल्यावर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश द्यावा, प्रत्येक अर्थाखाली वाक्य असलेला. शाळेच्या वाचनालयात असा एक कोश असतो, बहुतेकदा कुलूपबंद कपाटात. तो बाहेर वर्गाच्या टेबलावर ठेवायला मुख्याध्यापकांना सांगावं. तुम्ही आयुष्यभर इंग्रजी शिकवलंय असं लिहिलंत. तुमच्या मुलांनी 'रन' किंवा 'टेक' कुठल्या वाक्यात अडखळत वाचलं, ती वाक्यं आठवत असतील तर इथेच खाली लिहा. वहीच्या त्या पानांसाठी मला ती हवी आहेत.