‘पानी’ म्हणणाऱ्यांची मराठी

पुण्यातल्या आमच्या शाळेत सातवीला बार्शीकडची एक मुलगी नवीन आली. बाईंनी तिला धडा वाचायला उभं केलं. ‘आणि’चं ‘आनि’ झालं, ‘पाणी’चं ‘पानी’ झालं आणि वर्ग हसला. मीही हसले. घरी येऊन तिची नक्कल केली, तेव्हा घरचेही हसले. पुढं वर्षभर ती आपणहून कधी वाचायला उभी राहिली नाही. मला ते तेव्हा जाणवलंसुद्धा नाही.

जाणवलं ते श्टुटगार्टच्या भाजीबाजारात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. जर्मनमध्ये चेरी आणि चर्च या शब्दांत एका ‘श’च्या छटेचा फरक आहे. तो माझ्या जिभेला येत नव्हता. रांगेतले दोघं हसले. विकणाऱ्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी शब्द सावकाश म्हणून दाखवला आणि मला जमेपर्यंत त्या थांबल्या. पिशवी घेऊन ट्रामकडे चालताना बार्शीची ती मुलगी आठवली, आणि घशात काहीतरी अडकलं ते घरी पोचेपर्यंत.

2025च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला आणि जूनअखेर मागे घेतला गेला. त्याच सुमारास मीरा रोडला मराठीवरून एका दुकानदाराला मारल्याचा व्हिडिओ फिरला. आमच्या शाळेच्या ग्रुपवर दोन तट पडले. ‘इथं राहायचं तर मराठी आलीच पाहिजे’ म्हणणारे एकीकडे, ‘सक्ती कसली करता’ म्हणणारे दुसरीकडे. दोघांनीही मला एकच विचारलं, तुमच्या जर्मनीत काय करतात?

जर्मनीत भाषा यावीच लागते. नागरिकत्वासाठी बी-1 पातळीची, म्हणजे रोजचे व्यवहार निभावण्याइतकी जर्मन लागते आणि 33 प्रश्नांच्या परीक्षेत किमान 17 उत्तरं बरोबर यावी लागतात. ही अपेक्षा मला कधी अपमानाची वाटली नाही. पण तिच्या जोडीला सरकारी अनुदानाचा अभ्यासक्रम आहे, साधारण 600 तासिका भाषेच्या आणि 100 देशाच्या ओळखीच्या. हे शहाणपणही जर्मनीला उशिरा आलं. 1961मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले. ते परत जाणार, मग भाषा शिकवायची कशाला, असा हिशेब होता. माणसं राहिली, त्यांची मुलं इथंच वाढली. देशभराचा हा अभ्यासक्रम सुरू झाला तो 2005मध्ये. आणि मधल्या काळात, ‘यांना जर्मन येत नाही’ हा ठपका त्या कामगारांवरच होता.

म्हणून मी मराठीच्या आग्रहाच्या बाजूनं ठाम उभी आहे. बँकेच्या खिडकीवर मराठी बोललीच गेली पाहिजे. शाळांमध्ये मराठी सक्तीची करणारा 2020चा कायदाही मला योग्य वाटतो. पण बारा तासांची ड्यूटी करणाऱ्या वॉचमननं मराठी शिकायची कुठं? आईच्या सोसायटीच्या आसपास संध्याकाळचा एखादा वर्ग मी शोधला, मला सापडला नाही. आणि तो मोडकंतोडकं बोलू लागला की दुसऱ्या वाक्याला आपणच हिंदीवर येतो. ज्याला बोलायची संधीच दिली नाही, त्याला थप्पड मारण्याचं समर्थन मी करू शकत नाही.

शिवाय शिकवायची ती मराठी कोणाची? मी राहते त्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यानं 1999मध्ये आपल्या जाहिरातीत अभिमानानं लिहिलं होतं, आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन येत नाही. माझे वरिष्ठ मीटिंगमध्ये ‘इस्ट’ला ‘इश’ म्हणतात, कारण श्वाबी बोली त्यांच्या घरची आहे. त्यावरून त्यांना कोणी अडाणी ठरवत नाही. आपल्याकडे ‘ण’वरून माणसाची जात ओळखायचा प्रयत्न होतो. आमच्या घरात ‘शुद्ध’ म्हणजे आमच्या जातीचं बोलणं, हे कोणी शब्दांत सांगितलं नव्हतं, तरी मी ते पुरतं शिकले होते. माझे आईवडील वाईट नव्हते. त्यांनीच मला वाचनाची गोडी लावली, परदेशी जायचं बळ दिलं. पण त्यांच्याकडून आलेली ही एक गोष्ट मला पुढे न्यायची नाही. ती जाता जात नाही. अजूनही कोणी ‘लोनी’ म्हणालं की कान टवकारतात आणि मला स्वतःला थांबवावं लागतं.

गेल्या खेपेला पुण्यात असताना सकाळी नळाला पाणी नव्हतं. खाली वॉचमन भेटले, ओडिशाचे आहेत. आई नेहमीसारखी हिंदीत विचारू लागली, तर ते मला म्हणाले, “ताई, आज पानी आला नाही.”

आईचं तोंड दुरुस्तीसाठी उघडलं. मी तिच्या हातावर हात ठेवला.

“मग टँकर कधी येणार, काका?” मी विचारलं.

“दुपारी येनार,” ते म्हणाले. “दोन वाजता. मी वर येऊन सांगतो.”