जास्त विजय म्हणजे प्लेऑफ पक्का? नाही!

'एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये) प्रत्येक कॉन्फरन्समधले (लीगच्या दोन भागांपैकी एक) सर्वाधिक सामने जिंकणारे सात संघ प्लेऑफला जातात,' असं सांगणारा एक तक्ता सध्या फिरतोय. तो अर्धवट आहे.

सात हा आकडा बरोबर, 2020 च्या हंगामापासून तेवढेच संघ जातात. पण त्यातल्या चार जागा चार डिव्हिजनच्या, म्हणजे कॉन्फरन्समधल्या छोट्या गटांच्या, विजेत्यांच्या. त्यांनी किती सामने जिंकले हे कुणी विचारत नाही. विजयांची मोजदाद उरलेल्या तीन वाइल्ड कार्डांसाठी, म्हणजे डिव्हिजन न जिंकलेल्यांच्या जागांसाठी होते. आणि घरचं मैदान? पहिल्या फेरीत तेही डिव्हिजन विजेत्यालाच.

2008 चंच बघा. न्यू इंग्लंड पेट्रियट्सने 16 पैकी 11 सामने जिंकले. त्यांच्याच डिव्हिजनमधल्या मायामीनेही 11. बरोबरी सोडवण्याच्या निकषांत मायामी सरस ठरलं, वाइल्ड कार्डही हुकलं आणि पेट्रियट्स घरी बसले. त्याच कॉन्फरन्समध्ये सॅन दिएगो चार्जर्स जेमतेम 8 विजयांवर आत! वर त्यांनी 12 सामने जिंकलेल्या इंडियानापोलिसला आपल्या मैदानावर हरवलंही. 2010 मध्ये तर सिएटल सीहॉक्स 7 विजय, 9 पराभव घेऊन डिव्हिजन जिंकले होते.

हे अन्यायकारक वाटतं का? मलाही वाटतं, निदान घरच्या मैदानाबाबत. 2024 च्या हंगामात मिनेसोटा व्हायकिंग्ज 14 विजय मिळवूनही पाहुणेच राहिले. त्यानंतर डेट्रॉइट लायन्सने मानांकन, म्हणजे घरचं मैदान कुणाला ते ठरवणारा क्रम, विजयांवर ठरवण्याचा प्रस्ताव मांडला होता, पण मग मागे घेतला. तेव्हा तक्ता पुढे पाठवण्याआधी आपल्या संघाच्या डिव्हिजनचा रकाना तेवढा तपासा.