ओरडून बोलल्यानं पलीकडे जास्त ऐकू येत नाही

मेट्रोत मोठ्यानं फोनवर बोलणाऱ्यांवरचा एक लेख वाचला; त्यात सगळा दोष संस्कारांवर टाकलाय. ते अर्धंच खरं. लँडलाइनच्या रिसीव्हरमध्ये आपलाच आवाज थोडा कानात परत यायचा (साइडटोन), त्यामुळे माणूस आपोआप हळू बोलायचा. मोबाइलमध्ये तो सहसा कमी असतो. त्यात नागपूर मेट्रोच्या सीताबर्डी इंटरचेंजचा गलका, मग आवाज चढणारच. पण त्याचा उपयोग काय?

मुख्य माइक खालच्या कडेला, चार्जिंगच्या पिनेजवळ असतो. बहुतेक फोनांत वरच्या बाजूला किंवा कॅमेऱ्याजवळ सुईएवढं आणखी एक भोक असतं; तो माइक आजूबाजूचा गोंगाट टिपतो आणि फोन तो वजा करतो. त्या भोकावर बोट किंवा स्वस्त कव्हर आलं की वजाबाकी बिघडते आणि पलीकडचा म्हणतो, "काही ऐकू नाही येऊन राहिलं." मग आपण आणखी ओरडतो. भोक मोकळं ठेवा, खालची कड तोंडाजवळ आणा, हळू बोललेलंही पोचतं.

व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेज सुरू करून फोन कानाला लावला की तो स्पीकरऐवजी कानातच वाजतो. सासूबाईंचा निरोप अख्ख्या डब्यानं कशाला ऐकायचा?

आधार नंबर, जन्मतारीख मोठ्यानं सांगू नका, टाइप करून पाठवा. ओटीपी तर कुणालाच नाही. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणंही सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशन्समध्ये जाऊन बंद करा; शेजारच्या सीटवरून तो आरामात वाचता येतो.

आणि सार्वजनिक जागी आलं म्हणून खासगीपणा संपत नाही, हे खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालातही आहे. न विचारता शेजाऱ्याचा व्हिडिओ काढणाऱ्यांनी तेवढं वाचावं.