सॅलड वगैरे

रक्ततपासणीचे कागद चाळून डॉक्टर म्हणाले, "साखर काठावर आहे, कोलेस्टेरॉल काठ ओलांडून गेलंय. रात्रीचं जेवण हलकं ठेवा. सॅलड वगैरे घ्या."

शेजारच्या खुर्चीवर बायको बसली होती. तिनं 'सॅलड' ऐकलं, मी 'वगैरे' ऐकलं. तेव्हापासून आमच्या घरात रोज रात्री जे काही घडतं, ते या दोन शब्दांमधलं भांडण आहे.

त्या रात्री ताटात काकडीच्या चकत्या आल्या. गाजराच्या आल्या, टोमॅटोच्या आल्या, मुळ्याच्या आल्या. मधोमध बीट होतं आणि त्यानं आजूबाजूच्या सगळ्यांना आपल्या पक्षात ओढलं होतं. मी हातावर पाणी घेऊन वाट बघत बसलो.

"काय हवंय?" तिनं विचारलं.

"जेवण."

"हेच जेवण."

आमच्यात कच्च्या भाजीचं स्थान पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे. मीठ, लिंबू, चटणी यांच्या ओळीत, ताटाच्या डाव्या बाजूला, चमचाभर कोशिंबीर. तीसुद्धा कच्ची म्हणायची एवढंच. वर दाण्याचं कूट, चिमूटभर साखर, ओलं खोबरं आणि हिंग-जिरं-मिरचीची चुरचुरीत फोडणी असते, त्यामुळे खाली काकडी आहे हे खाणाऱ्याच्या फारसं लक्षात येत नाही. आता डावी बाजू थेट सत्तेवर आली होती, आणि येताना फोडणी विरोधी पक्षात सोडून आली होती.

मी सरकारी नोकरीत उभी हयात घालवलेली आहे. आदेश मोडायचा नसतो, त्याचा अर्थ लावायचा असतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. डॉक्टरांनी सॅलड म्हटलं होतं. कुठलं, ते म्हटलं नव्हतं. जगात नावाजलेली सॅलडं कोणकोणती आणि त्यांत काय काय घालतात याचा मी मोबाइलवर रीतसर अभ्यास सुरू केला, आणि आठवडाभरात माझं मत बनलं: या सॅलडांपैकी जवळजवळ एकही बारीक व्हायचं म्हणून कोणी केलेलं नाही. लोकांना भूक लागली होती, म्हणून ती झाली.

सीझर सॅलडच घ्या. रोमच्या ज्यूलियसशी त्याचा काही संबंध नाही. मेक्सिकोत, अमेरिकेच्या सीमेला लागून, तिहुआना नावाचं गाव आहे. तिथे सीझर कार्दिनी नावाच्या इटालियन गृहस्थाचं उपाहारगृह होतं. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी, त्यामुळे तहानलेली मंडळी सीमा ओलांडून तिकडे जायची. असं सांगतात, की १९२४ सालच्या ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, इतकी गर्दी उसळली की कोठीतलं सामान संपत आलं. मग उरलंसुरलं गोळा करून कार्दिनीनं गिऱ्हाइकासमोरच एक पदार्थ कालवला. रोमेन लेट्यूसची लांब पानं, लसूण, ऑलिव्ह तेल, लिंबू, अर्धकच्चं अंडं, वुस्टरशर सॉस, किसलेलं पार्मेझान चीज आणि कुरकुरीत केलेले पावाचे तुकडे. पानं तेव्हा अख्खी ठेवायचे आणि देठाला धरून हातानं खायचे. म्हणजे ते पान मुळात चमचाच. खायच्या वस्तू वेगळ्या.

हे सगळं मी बायकोला नीट समजावून सांगितलं. तिनं चष्मा लावून यादी वाचली. "पाव मैद्याचा, तो नको. चीज नको. अंड्यातला बलक नको. तेल एक चमचा." ज्यूलियसवर २३ वार झाले होते म्हणतात. आमच्या सीझरवर चारच झाले, पण सगळे वर्मी लागले. रात्री ताटात चमचे तेवढे आले. तेही रोमेनचे नव्हते, कारण आमच्या भाजीवाल्याकडे फक्त आइसबर्ग मिळतो. "काका, खाऊन बघा, पाण्यासारखा लागतो," असं तो कौतुकानं सांगतो. त्याच्याकडून भाजी घेताना इतका खरा शब्द मी आजवर ऐकलेला नव्हता.

मग मी मोर्चा फ्रान्सकडे वळवला. नीस शहराच्या सॅलडमध्ये टोमॅटो, उकडलेलं अंडं, काळे ऑलिव्ह आणि अँकोव्ही नावाचे खारवलेले चिमुकले मासे असतात. इथे माझा जीव भांड्यात पडला, कारण आपली मांदेली ही अँकोव्हीच्याच कुळातली. ठाण्याच्या बाजारात सोन्यासारखी चमकणारी मांदेली आणि भूमध्य समुद्रातली अँकोव्ही या एकमेकींच्या चुलतबहिणी निघाव्यात! मी यादीत हळूच उकडलेला बटाटाही घुसवला, कारण पुष्कळ ठिकाणी तो घालतात.

पण एव्हाना बायकोही मोबाइल घेऊन बसायला लागली होती. तिनं झाक मेदसँ नावाचा साक्षीदार हजर केला. हे गृहस्थ १९६६ पासून १९९० पर्यंत नीसचे महापौर होते. शहर सांभाळता सांभाळता त्यांनी नीसच्या स्वयंपाकावर पुस्तकही लिहिलं आणि त्यात बजावून ठेवलं, की आमच्या सॅलडमध्ये उकडलेला बटाटा किंवा दुसरी कुठलीही शिजवलेली भाजी कृपा करून घालू नका. शिजवायचं ते फक्त अंडं.

"बघा," ती म्हणाली, "महापौर नको म्हणतायत."

मी त्या महापौरांची पुढची माहिती काढली. भ्रष्टाचाराच्या प्रकरणात अडकल्यावर ते १९९० साली थेट दक्षिण अमेरिकेत, उरुग्वेला पळून गेले. पुढे त्यांना धरून आणलं आणि तुरुंगात टाकलं. मी विजयी मुद्रेनं म्हटलं, "अशा माणसाची बटाट्याबद्दलची साक्ष ग्राह्य धरायची?"

"बटाट्याच्या बाबतीत तो प्रामाणिक होता," ती म्हणाली आणि बटाटे टोपलीत परत ठेवले. मांदेली मिळाली, पण उकडून. ज्यांनी रव्यात घोळवलेली मांदेली काट्यासकट कुरकुरीत खाल्लेली आहे, त्यांना या वाक्यातलं दुःख कळेल. बाकीच्यांना समजावत बसण्यात अर्थ नाही.

बटाट्याची आशा मी रशियाच्या भरवशावर जिवंत ठेवली. लग्नाच्या बुफेत वर्तुळाकार रचलेल्या पांढऱ्या ढिगाला आपल्याकडे रशियन सॅलड म्हणतात. बटाटा, गाजर, मटार आणि अननस मेयोनीजमध्ये बुडवलेले असतात आणि त्यावर एक चेरी असते, जी वाढपी कुणालाही देत नाही. त्याचा मूळपुरुष म्हणजे लुसियाँ ऑलिव्हिए. १८६०च्या दशकात मॉस्कोच्या हर्मिटेज उपाहारगृहात त्यानं हे सॅलड काढलं. तेव्हा त्यात तितराच्या जातीच्या रानपक्ष्याचं मांस होतं, गोड्या पाण्यातले क्रेफिश होते, आणि वरून घालायच्या सॉसची कृती त्यानं कुणालाच सांगितली नाही. १८८३ साली तो ती बरोबर घेऊन गेला. पुढे क्रांती झाली, रानपक्षी गेला आणि उकडलेलं सॉसेज आलं, क्रेफिश गेले आणि गाजर आलं. आजही नववर्षाच्या रात्री रशियात घरोघरी हे सॅलड घमेलंभर करतात. ऐन थंडीत, मध्यरात्री, बटाटा आणि मेयोनीज! याला म्हणतात हलकं जेवण.

"क्रांतीनंतरचं करू," बायको म्हणाली. तिनं बटाटा काढला, सॉसेज काढलं, मेयोनीजऐवजी दही घातलं. क्रांती इतकी पुढे गेली की उरलं ते गाजर-मटारचं रायतं.

न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलचं सॅलड मात्र तिला पसंत पडलं, कारण त्यात सफरचंद आणि सेलरी असते. (१८९६च्या पाककृतीत एवढंच आहे, आणि मेयोनीज. अक्रोड नंतर आले.) त्याविषयी मला अधिक बोलायचं नाही. ग्रीक सॅलडमध्ये टोमॅटो, काकडी, कांदा, ऑलिव्ह आणि वर फेटा चीजची जाडजूड वडी असते, पाला औषधालाही नसतो. मेंढीच्या दुधाचं ते चीज ग्रीसखेरीज कुणीही त्या नावानं विकायचं नाही, असा युरोपच्या न्यायालयानं २००५ साली निकाल दिलेला आहे. गायीच्या दुधापासून करणाऱ्या डॅनिश लोकांनाही त्यांनी सोडलं नाही. आमच्याकडे मात्र फॅट काढलेलं पनीर त्याच्या जागी राजरोस बसलं आणि मला दाद मागायला न्यायालय नव्हतं. हॉलिवूडच्या ब्राउन डर्बी उपाहारगृहाचा मालक रॉबर्ट कॉब याला १९३७ साली रात्री उशिरा भूक लागली, त्यानं फ्रिज उघडला आणि कोंबडी, बेकन, अंडं, अवोकाडो, चीज जे मिळालं ते बारीक चिरून एकत्र केलं, असं सांगतात. मीही एका रात्री उशिरा भूक लागून फ्रिज उघडला. बीट होतं.

नंतर मी कायद्याचा कीस काढायचं ठरवलं. लेबनॉनमध्ये फत्तूश नावाचं सॅलड आहे, त्यात शिळी रोटी कुरकुरीत करून कुस्करतात. इटलीत तोस्काना प्रांतात पांझानेल्ला आहे, त्यात शिळा पाव भिजवून टोमॅटो-कांद्यात कालवतात. म्हणजे शिळ्या पोळीत कांदा, टोमॅटो, कोथिंबीर घातली की ते आंतरराष्ट्रीय निकषांवर सॅलड होतं. "तर मग फोडणीची पोळी..." मी म्हणालो.

ती शांतपणे म्हणाली, "लेबनॉनच हवं ना? उद्या करते."

दुसऱ्या दिवशी तब्बुले झालं. मी वाचलं होतं, त्यात दलिया असतो. माझ्या ताटात हिरवागार डोंगर होता. पार्सली मिळाली नाही म्हणून कोथिंबीर, थोडा पुदिना, टोमॅटो, कांदा, लिंबू. दलिया मी काट्यानं शोधत होतो. तक्रार करायला म्हणून मूळ कृती उघडली, तर खुद्द लेबनॉनचे लोक म्हणतात की खरं तब्बुले पाल्याचंच, दलिया नावापुरता. जगातलं एक सॅलड खरोखरच सॅलड निघालं आणि तिला नेमकं तेच सापडलं. त्या रात्री जेवून उठल्यावर माझ्या अंगाला पोह्यांचा वास येत होता, पोटात मात्र पोहे नव्हते.

पश्चिमेनं असा दगा दिल्यावर मी पूर्वेकडे पाहिलं आणि तिथे मला माणसं भेटली. थायलंडचं सोम तम बघा. कच्च्या पपईचा कीस, चवळीच्या शेंगा, लसूण, मिरची, माडाचा गूळ, लिंबू, शेंगदाणे आणि सुकट हे सगळं उखळात घालून ठेचायचं. सुकट! म्यानमारमध्ये तर चहाची पानं आंबवून त्यांचं सॅलड करतात, त्यात तळलेले वाल-लसूण, तीळ, शेंगदाणे आणि पुन्हा सुकट. त्यांच्यात म्हणच आहे की फळांत आंबा, मांसात डुकराचं आणि पानांत ही चहाची. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीला आणून ठेवलं आणि १९१६ साली तो तिथेच वारला. या तिन्हींपैकी पहिल्याची सोय तरी त्याची उत्तम झाली असणार. बाकी त्या माणसानं कोकणात तीस वर्षं काय काय खाल्लं, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा.

तर सुकट. माझी आई गोव्यातल्या पेडण्याची. ती सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर करायची. सुकी सुंगटं डोकी-शेपट्या काढून खमंग भाजायची, चुरायची, त्यात ओलं खोबरं, बारीक कांदा, तिखट, हळद, सोलं आणि वर खोबरेल तेलाची धार. हातानं कालवायचं. गॅसवर ठेवायचं ते फक्त सुंगटांना, बाकी सगळं कच्चं. मी बायकोला विचारलं, "कच्चा कांदा, कच्चं खोबरं, प्रथिनं, आणि कालवलेलं. हे सॅलड नाही तर काय आहे?"

ती सावंतवाडीची आहे. इतका वेळ मी उगाच तिहुआना आणि मॉस्को फिरत बसलो होतो. तिनं यादी मागितली नाही, चष्मा लावला नाही. फक्त एवढंच म्हणाली, "सुंगटं माळ्यावरच्या डब्यात आहेत."

ती भाजायला घेतली आणि आमच्या मजल्यावरची दारं एकेक करून बंद झाली. समोरच्या जोशीकाकूंनी उदबत्ती लावली. आम्ही दोघांनी मात्र त्या रात्री सॅलड पोटभर खाल्लं, आणि सोबत भात घेतला, कारण किसमूर नुसती खाणं हे तिच्या माहेरी चालत नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, पुन्हा फुगवला. "रक्तदाब वाढलाय. सॅलड घेता ना?"

"रोज," मी म्हटलं.

"कुठलं?"

मी सांगितलं. डॉक्टरांनी कानातली नळी काढली आणि पुढे वाकून विचारलं, "चिंच घालता की सोलं?"

"सोलं."

"आमची आई चिंच घालायची," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मग त्यांचं लक्ष बायकोकडे गेलं आणि त्यांनी पुन्हा डॉक्टर व्हायचं ठरवलं. सुक्या मासळीत मीठ किती असतं, यावर ते बराच वेळ बोलले आणि चिठ्ठीवर खाली एक ओळ खरडली.

औषधांच्या दुकानदाराला ती ओळ वाचता आली नाही. त्यानं चिठ्ठी उजेडात धरली, आडवी केली, पोऱ्याला दाखवली. बायकोनं ती त्याच्या हातून घेतली आणि क्षणात वाचून दाखवली, "दह्यातली काकडी. बिनफोडणीची."