उमरगेकर काकांना उत्तर: माळवद, किल्लारी आणि लॉस एंजेलिसचं ते मातीचं घर

उमरगेकर काका, नमस्कार.

लॉस एंजेलिसमधल्या 'आविला अडोबी' (अडोबी म्हणजे उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचं बांधकाम) या संग्रहालय झालेल्या घरावरचा माझा लेख तुम्हाला आवडला नाही, हे तुम्ही आडपडदा न ठेवता कळवलंत. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मातीच्या घराचं एवढं कौतुक अमेरिकेत बसूनच सुचतं, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात ज्यांनी ढिगाऱ्यातून माणसं उपसली त्यांना ते ऐकवत नाही, हा तुमचा पहिला मुद्दा. ते घर निम्मं नव्यानं उभारलेलं, बाजाराच्या मधोमध सजवून ठेवलेलं, त्याला कसलं संग्रहालय म्हणायचं, हा दुसरा. आणि जाता जाता चिमटा: "आमचं गावातलं माळवद काढून धाकटा भाऊ स्लॅब टाकायचं म्हणतोय, त्याला तुमचा लेख वाचायला देऊ का?" (माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा थर दिलेलं सपाट छप्पर.)

दुसरा मुद्दा आधी घेतो, तो लवकर उरकेल.

'निम्मं' हा तुमचा शब्द अगदी बरोबर बसतो. 1818 साली फ्रान्सिस्को आविला या गुरांच्या कळपांच्या बड्या मालकानं घर बांधलं, तेव्हा ते काटकोनात वळलेलं आणि आजच्या जवळजवळ दुप्पट लांब होतं. त्याची एक बाजू आताच्या ओल्वेरा स्ट्रीटच्या मध्यापर्यंत यायची. आविला 1832 मध्ये वारला. 1847 च्या जानेवारीत अमेरिकन फौजेनं मेक्सिकोकडून गाव घेतलं तेव्हा आरमाराचा अधिकारी कमोडोर स्टॉक्टन यानं याच घरात तळ ठोकला. मुली-जावई 1868 पर्यंत राहिले. त्यानंतर भाडेकरू, खानावळ, लॉजिंग, आणि शेवटी ओसाड. 1928 मध्ये पालिकेनं धोकादायक ठरवून ते पाडायला काढलं, तेव्हा क्रिस्टीन स्टर्लिंग नावाच्या बाईंनी रान उठवलं, पैसेवाल्यांना गाठलं, घर वाचवलं आणि 1930 मध्ये समोरच्या गल्लीत मेक्सिकन बाजार भरवला. गल्लीच्या कामाला तुरुंगातले कैदी लावले होते. त्यांच्यात एक सुतार निघाला, एक वायरमन निघाला. आता पोलिसांनी एखादा गवंडी नि प्लंबरही पकडावा अशी आपण रोज रात्री प्रार्थना करतो, असं बाईंनी डायरीत लिहून ठेवलंय. विनोद खरा, पण फुकट राबणाऱ्यांच्या जिवावर केलेला.

तरी नव्या विटांवरून मी त्या घराला नकली म्हणणार नाही. कच्च्या विटेचं घर दर पिढीला थोडं नवं होतंच. पायाशी ओल चढते, विटा पिठासारख्या झडतात, त्या काढून नव्या बसवाव्या लागतात. माझी तक्रार वेगळी आहे. आत 1840 च्या दशकातलं सुखवस्तू घर मांडलंय: पलंग, जेवणाचं टेबल, अंगणात गाडी. भाडेकरूंची साठ वर्षं त्या खोल्यांतून पार नाहीशी झालीत. तसेच शेजारच्या यांग्ना वस्तीतले टोंग्वा हे मूळनिवासी लोक, ज्यांच्या मजुरीवर त्या गावची शेती आणि बांधकामं चालत. मालकाचं घर जपलं, राबणाऱ्यांचं आणि भाड्यानं राहणाऱ्यांचं नाही. वाडा जपताना आपल्याकडेही हेच होतं.

आता किल्लारी. तुम्ही ती पहाट पाहिलीत, मी नाही. त्यामुळे पुढचं लिहिताना जपून लिहितोय.

किल्लारी, सास्तूर, होळी या पट्ट्यात ज्या भिंती बसल्या त्या बहुतेक दगडाच्या होत्या. माती होती सांध्यात आणि पोटात. ओबडधोबड दगडाचे दोन पापुद्रे, एक आतल्या अंगाला, एक बाहेरच्या, आणि मधे माती-चिपांची भर. दोन्ही पापुद्र्यांना शिवणारा आरपार दगड फारसा कुठे नव्हता. जमीन हलली की पापुद्रे एकमेकांपासून फुगून सुटतात, एक रस्त्यावर पडतो, दुसरा झोपलेल्या माणसांवर. वरून माळवद. पावसाळा तोंडावर आला की पांढरी माती पसरायची, जुनी मात्र काढायची नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे हिशेब केला तर सहा-सात टन. जिथे खणाचे खांब आणि तुळया धड होत्या, तिथे भिंती ढासळूनही वरचं ओझं लाकडावर तरलं. जिथे लाकडात जीव नव्हता किंवा तुळया थेट भिंतीवर टेकल्या होत्या, तिथे काय झालं ते तुम्ही पाहिलंय.

आविलाच्या घराची बांधणी वेगळी. चिकणमाती, वाळू आणि गवताची काडी पायांनी तुडवून, साच्यात घालून, उन्हात वाळवलेल्या विटा. सांध्यात तीच माती. म्हणजे भिंत आरपार एकाच मालाची, अडीच ते तीन फूट जाड, मधे भर नाही. छप्पर सपाटच, पण वर मातीचा ढीग नाही. नदीकाठच्या कॉटनवुडच्या तुळया, आणि त्यावर ला ब्रेआच्या डबक्यांतून आणलेलं डांबर, खडी आणि घोड्याचे केस मिसळून दिलेला थर. दरसाल मण-मण माती चढवायचा प्रश्नच नाही.

म्हणून अडोबी सुरक्षित, असं मी म्हणत नाही. 2003 मध्ये इराणमधलं बाम शहर कच्च्या विटेच्याच घरांखाली गाडलं गेलं. आविलाच्या घरालाही 9 फेब्रुवारी 1971 च्या सिल्मार भूकंपानं एवढी इजा केली की ते कित्येक वर्षं बंद ठेवावं लागलं. 1994 च्या नॉर्थरिज भूकंपात एन्सिनोतलं दे ला ओसा अडोबी असंच फाटलं.

याच काळात लॉस एंजेलिसच्याच गेटी या वारसा-जतन संस्थेनं जुन्या अडोबी घरांवर काम केलं. लहान प्रतिकृती स्टॅनफर्डला आणि मोठ्या आताच्या उत्तर मॅसिडोनियातल्या स्कोपियेला, हलणाऱ्या मंचावर ठेवून हादरवल्या. निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो: मातीच्या भिंतीला तडा जाणारच, तो टाळायच्या नादाला लागू नका, तडा गेल्यावर तुकडे जागच्या जागी राहतील एवढं बघा. भिंतीची उंची जाडीच्या सहापटीच्या आत असेल तर तडकलेले ठोकळे डुलतात आणि परत बसतात. आठपटीच्या पुढे गेली तर कोसळायची भीती मोठी. वरच्या कडेला बांधून ठेवणारा पट्टा, भिंतीला दोन्ही अंगांनी आवळणारे उभे पट्टे, छपराशी पक्की गाठ. एवढ्यानं प्रतिकृती उभ्या राहिल्या. आविलाच्या घरात मूळची उंची 15 फूट, म्हणजे जाडीच्या पाच ते सहापट. काठावरच.

हे ज्ञान परदेशीच आहे असंही नाही. भारतीय मानक 13827 मातीच्या इमारतींसाठी आणि 13828 ठिसूळ दगड-विटांच्या बांधकामासाठी, दोन्ही नेमकी 1993 चीच. ती गवंड्याच्या हातापर्यंत किती पोचली, हा प्रश्न मला मातीपेक्षा जास्त छळतो.

तर भावाला माझा लेख देऊ नका, हे उत्तर द्या. जुन्या दगड-मातीच्या भिंतीवर स्लॅब टाकणं हा सगळ्यांत वाईट पर्याय आहे. स्लॅब जड, आणि खालच्या भिंतीशी त्याची गाठ नसते. भिंत फुगली की तो सपाट खाली येतो आणि आत पोकळीसुद्धा उरत नाही. पाडायचं तर पायापासून पाडा आणि कॉलम-बीम घालून नवं बांधा, माझी काही हरकत नाही. घर म्हणजे संग्रहालय नव्हे, त्यात पोरंबाळं झोपतात.

ठेवायचं असेल तर आधी वरची माती उतरवा, प्लास्टिकचा कागद अंथरून वर चार-सहा इंचांचाच थर द्या. खांब-तुळयांच्या कोपऱ्यांत तिरपे टेकू ठोका. भिंतीत दर तीन-चार फुटांवर एकेक दगड अलगद काढून आरपार भोक पाडा, त्यात आकड्याची सळई घालून काँक्रीट भरा; किल्लारीनंतर आपल्याच भागात ही पद्धत शिकवली गेली होती. आणि कुणी कितीही आग्रह केला तरी मातीच्या गिलाव्यावर सिमेंट फासू नका, आतली ओल बाहेर पडत नाही आणि भिंत पोटातून सडते. हे सगळं इंजिनिअरला दाखवूनच करा. मी इंजिनिअर नाही.

तोवर भिंतीची जाडी, उंची आणि माळवदावर माती किती इंच आहे, तेवढं मोजून इथेच लिहा. पाऊस सुरू व्हायच्या आत मोजलंत तर बरं.