ग्रहण मिनिटाला लागतं, म्हणून मंगळही लागतो?

आर्वीजवळच्या आमच्या गावी भाचीचं जुळत आलेलं लग्न मंगळावरून मोडलं. ताईच्या फोनवर मागून भाऊजी म्हणाले, “कम्प्युटरवर काढली न पत्रिका, चूक कशी राहीन?” घरच्या ग्रुपवरही तेच: ज्योतिषात एवढं गणित आहे, म्हणजे ते शास्त्रच.

गणित आहे आणि ते अस्सल आहे. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढं सरकला की एक तिथी संपते. पंचांगातलं ग्रहण मिनिटाला लागतं. लहानपणी आजोबांनी परातीत हळदीचं पाणी घालून मला ते अंगणात दाखवलंय. तो विश्वास मला कळतो.

पण भाचीच्या पत्रिकेसारखा बाराव्या घरातला मंगळ संसार मोडतो, हे कोणत्या गणितातून निघालं? पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं अशी बारातली पाच घरं मंगळाची धरतात. म्हणजे ढोबळमानानं शंभरातली बेचाळीस माणसं मंगळाची! शिवाय ही घरं लग्नराशीपासून, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीपासून मोजतात आणि ती साधारण दोन तासांनी बदलते. भाचीची जन्मवेळ दवाखान्याच्या रजिस्टरात साडेपाच आहे. ताई सांगते, सकाळची पहिली एसटी गेल्यावर पोर रडली, सहा तरी वाजले असतील. पत्रिकेत ही उगवती रास अगदी शेवटच्या अंशांवर आहे. अर्ध्या तासानं पुढची रास लागते, मंगळ अकराव्या घरात जातो आणि दोष उरत नाही. कम्प्युटर चुकला नाही, त्याला दिलेली वेळच कच्ची होती.

टोरांटोत मी विमा कंपनीत आकडेमोड करतो. आमचे अंदाज आम्ही प्रत्यक्ष मृत्यूंच्या नोंदींशी ताडतो. फरक पडला की तक्ता बदलतो, मग तो कितीही हुशारीनं मांडलेला असो. इथल्या मराठी घरांतही मंगळ विचारतातच, पण तसं ताडून कोणी बघत नाही. जयंत नारळीकरांनी २००८ मध्ये पुण्यात ते केलं. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका सत्तावीस ज्योतिषांना ओळखायला दिल्या, प्रत्येकी चाळीस. बरोबर आल्या सुमारे ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्म्या आल्या असत्या.

दिवाळीत गावी येतोय. मुलाच्या वडिलांकडे जाऊन ही बारा घरं कागदावर मांडणार आहे, भाऊजींना सोबत घेऊन.